दूध उतू जाईपर्यंत

धुळाजीला काही विचारलं, की उत्तर पुढच्या विहिरीवर मिळायचं. एका विहिरीपाशी बबितानं विचारावं, "मामा, ह्या भुरीचा कान कावून गरम लागतोय?" आणि म्हाताऱ्यानं काठी उचलून चालायला लागावं, जसं काही ऐकलंच नाही. मग अर्धा कोस माळ तुडवून व्हावा, मेंढरं पाण्याला लागावीत, आपण काय विचारलं होतं हे बबिताही विसरून जावी, तेव्हा तो मिशा पुसत म्हणणार, "गोचीड आसंल. संध्याकाळी बघू." लोक म्हणायचे, म्हातारा बहिरा आहे. बहिरा कसला! लांबच्या लवणात कोकरू ओरडलं, तर ते कुठल्या मेंढीचं हे न बघता सांगायचा.

स्वतःच्या लग्नाला 'हो' म्हणायला त्यानं दोन दिवस घेतले होते. त्याची बायको साखराबाई ते अजून विसरलेली नाही. "दोन दिस! मी काय म्हस व्हते व्हय, दात बघून घ्यायला?" असं आल्यागेल्याला सांगते, आणि सांगताना लाजते, हेही खरं.

बबिता ह्या दोघांची सून. आष्टीच्या पुढं डांबरी सोडून माळावर चढलं, की सहा-सात घरांची धनगरवस्ती लागते, तिथली. नवरा माऊली, लेक ऋतुजा सहावीत. नऊ हंगाम बबितानं नवऱ्याच्या बरोबरीनं ऊस तोडला. नऊ हंगामांनी तिच्या अंगात जी घाई भरली, ती घरी आली तरी उतरायची नाही. भाकरी उभ्यानं खायची, वेणी चालता चालता घालायची, चहा तर प्यायची कुठं, ओतायची घशात. झोपेतसुद्धा तिचा उजवा हात कोयता चालवल्यासारखा हलायचा. माऊली अंथरूण लांब ओढून घ्यायचा. "आगं, मला तोडशील एखांद्या दिशी," म्हणायचा.

आता मागच्या दिवाळीचं सांगितलं पाहिजे, कारण सगळं रामायण तिथंच घडलं.

ह्या वस्तीवर पाडव्याला सकाळी वाडग्यात, म्हणजे मेंढरं कोंडतात त्या कुंपणात, दूध उतू घालतात. कोरं मातीचं बोळकं, त्यात मेंढीचं दूध, खाली गवऱ्यांची आच. घरच्या सुनेनं गवऱ्या पेटवायच्या आणि मग सगळ्यांनी हात जोडून, डोळे मिटून गप बसायचं. बोलायचं नाही, जाळ सारायचा नाही, आणि फुंकर तर मारायचीच नाही. दूध आपल्या मनानं वर येणार, आणि ज्या अंगाला उतू जाईल त्या अंगाला त्या वर्षी मेंढरं न्यायची. दरसाल ते खालच्या अंगाला, सीना नदीकडं जायचं. दिवाळीच्या दिवसांत वारा वरच्या अंगाचा असतो, जाळ तिकडंच झुकतो, असं शाळेतले गुरुजी म्हणतात. वस्तीवर मात्र ते देवाचं बोलणं. दोन्ही खरं असायला कुणाच्या बापाचं काय जातंय? सीनेकडं चारा होता, ओळखीचे बांध होते, धुळाजीच्या आज्यापासूनचे मुक्काम होते.

तर मागच्या पाडव्याला ऊसतोडीच्या टोळीचा ट्रॅक्टर सकाळीच रस्त्यावर येऊन उभा राहिला. मुकादमाला सणवार कुठला! हॉर्नवर हॉर्न. इकडं परतीच्या पावसात गवऱ्या सादळलेल्या, नुसता धूर. दूध काही हलेना. बबिताची गाठोडी दारात बांधून ठेवलेली. तिनं एकदा सगळ्यांकडं बघितलं. सासूचे डोळे मिटलेले, सासऱ्याचे मिटलेले, माऊली तर मिटल्या डोळ्यांनी पेंगत होता. ती पुढं वाकली आणि फुंकर घातली. एकच. चुलीला घालतो तशी, सवयीनं. जाळ भपकन पेटला, तिच्यापासून लांब झुकला, आणि दूध फसफसून पूर्वेला उतू गेलं.

धुळाजीनं डोळे उघडले. पूर्वेच्या अंगाला भिजलेल्या राखेकडं तो कितीतरी वेळ बघत राहिला. पूर्वेला त्याचा बाप गेला नव्हता, आजा गेला नव्हता. "बरं," एवढंच म्हणाला. बबिताच्या ओठावर आलं होतं, की मामा, ही माझी फुंकर हो, देवाची न्हाई. तेवढ्यात पुन्हा हॉर्न वाजला आणि ती गाठोडं उचलून पळाली.

धुळाजीच्या मागं मेंढरं पूर्वेला गेली. अठरा दिवस चालून धर्मापुरीच्या शिवारात पोचली. तिथं परक्या रानात त्यांनी कापलेल्या ज्वारीचे कोवळे फुटवे खाल्ले. कोवळ्या ज्वारीत विष असतं, किराळ म्हणतात त्याला. एका संध्याकाळी अकरा मेंढ्या पाय ताणून पडल्या.

बबिताला हे फोनवर कळलं, उसाच्या फडात. माऊली हळहळला आणि पुन्हा कामाला लागला. ती मात्र खाली बसली. नऊ हंगामांत फडात ती अशी कधी बसली नव्हती. अकरा जीव आपण मारले, तेही तोंडानं, हे तिच्या डोक्यातून जाईना. सांगणार कुणाला? नवऱ्याला सांगावं तर त्याच्या पोटात तीळ भिजत नाही. सासूला सांगावं तर सासूच ती!

फाल्गुनात टोळी परत आली तेव्हा धुळाजीचा गुडघा सुजून भोपळा झाला होता. "मी जाते मामांसंगं," बबिता आपणहून म्हणाली. साखराबाईला सुनेचं कौतुक वाटलं. त्या कौतुकानं बबिताला आणखी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पहिले काही दिवस म्हणजे नुसता वैताग. बबिता पुढच्या बाभळीपाशी पोचायची, तेव्हा मेंढरं मागच्याच बाभळीला. ती माघारी यायची, हुर्र करून हाकायची, चार पावलं मेंढरं पळायची आणि पुन्हा माना खाली. "कुणी मागं लागलंय का तुज्या?" म्हाताऱ्यानं विचारलं. ती चिडली. "मामा, आसं चाललो तर तळ्यावर कवा पोचायचं?" उत्तर तळ्यावर मिळालं. मेंढरं पाण्याला तोंड लावून उभी होती, धुळाजी दगडावर बसून एक-एक ओंजळ पाणी पीत होता. म्हणाला, "पोचलो की."

मोजायची खोडही तिला उसानंच लावलेली. किती मोळ्या झाल्या, किती राहिल्या. तशी ती संध्याकाळी वाडग्याच्या तोंडाशी मेंढरं मोजायची. "मेंढरं मोजू न्हाईत, बघावीत," धुळाजी म्हणायचा. ती मनात हसायची. एकदा मोजदाद अगदी बरोबर भरली, तिनं खुशीत बाभळीची काटी लावून वाडगं बंद केलं. म्हाताऱ्यानं एकदा आत नजर फिरवली आणि म्हणाला, "मोरी न्हाई ह्यात. ही कोण पाव्हणी आलीया?" बघते तो काय, शेजारच्या रामेश्वरच्या कळपातली मेंढी ऐटीत रवंथ करत बसलेली, आणि आपली मोरी तिकडं! आकडा बरोबर, मेंढी चूक. साखराबाई हसून हसून खोकली.

त्या दिवसापासून बबिता बघायला लागली. कशी, ते तिला सांगता येणार नाही. आधी काळी तोंडं आणि पांढरी तोंडं दिसली. मग कोण कडेनं चालते, कोण मध्ये शिरते, कुणाला बाभळीच्या शेंगा आवडतात आणि कुणाला नुसतं दुसरीच्या तोंडातलं ओढायला आवडतं, हे दिसलं. चांदी नावाची म्होरकी मेंढी होती, कपाळावर पांढरा टिकला असलेली. ती कान मागं टाकून उभी राहिली, की पुढं काहीतरी आहे, साप नाहीतर कुत्रं. हे कुणी शिकवलं नाही. हळू चालणाऱ्याला ते आपोआप कळतं, आणि पळणाऱ्याच्या बापाला कळत नाही.

चैत्र-वैशाखातल्या दुपारी तर वेगळंच काही व्हायचं. ऊन चढलं, की मेंढरं एकमेकींच्या पोटाखाली माना घालून गोल करून उभी राहायची. वारा पडायचा. लिंबाखाली धुळाजी चातीवर लोकर कातत बसायचा आणि ती लाकडी चाती त्याच्या गुडघ्यापाशी आपल्याच नादात फिरत असायची. मेंढरांचं रवंथ ऐकू यायचं, लांब कुणीतरी जात्यावर सावकाश दळतंय तसं. बबिता आधी अशा वेळी मोबाईल काढायची. नंतर नंतर तो पिशवीतच राहू लागला. डोळे उघडे असायचे, पण झोपेत असतं तसं सगळं मऊ व्हायचं. समोरचा माळ तरंगायचा. उन्हात लांबची टेकडी जवळ यायची, पुन्हा मागं जायची. आपण बाई आहोत, का लिंबाची सावली आहोत, का त्या घोळक्यातलीच एक मेंढी, हेसुद्धा घटकाभर नीट कळायचं नाही, आणि कळलं नाही म्हणून काही बिघडायचंही नाही. मग चांदी मान वर करायची, कळप सुटायचा, आणि ती पदर झटकून उठायची. किती वेळ गेला? कुणाला ठाऊक. लई बरं वाटायचं एवढं खरं. आयुष्यात पहिल्यांदाच तिला असं बरं वाटत होतं, आणि त्याच जागी, बरं वाटण्याच्या अगदी मधोमध, अकरा मेंढ्या पाय ताणून पडलेल्या असायच्या.

धुळाजीची एक रीत तिनं तेव्हाच पाहिली. नवीन रानाच्या बांधाशी आला, की तो बसायचा. तंबाखू मळायचा. पीक बघायचा, ज्वारीचे फुटवे असतील तर ते गुडघ्याच्या वर गेलेत का बघायचा, मालक दिसला तर त्याला विचारायचा. तोवर मेंढरं बांधाच्या अलीकडंच. बबिताला वाटायचं, केवढा हा वेळकाढूपणा. पण तिच्या ध्यानात हेही आलं होतं, की तंबाखू मळताना हल्ली म्हाताऱ्याचा हात मध्येच थांबतो.

श्रावण गेला, पोळा गेला. ऋतुजा म्हणाली, "आई, तू झोपंत आता हात हलवत न्हाईस." बबितानं आपल्या हाताकडं बघितलं. त्याच हातात आता चाती फिरत होती आणि धागा तुटत नव्हता.

आणि दसऱ्याला धुळाजी जेवता जेवता म्हणाला, "पाडव्याचं दूध उतू गेलं, की वाडगं रिकामं करायचं. सटवाला सांगितलंय, गाडी घिऊन येतूय."

सटवा म्हणजे आष्टीच्या बाजारातला मेंढरांचा व्यापारी. साखराबाईचा घास हातात राहिला. "आवं, कावून?"

"दुधानं सांगितलं तिकडं गेलो. अकरा गेल्या. देवानंच पाठ फिरीवली, तर कुणाच्या जिवावर हिंडायचं?" ह्या वेळी त्यानं उत्तर लगेच दिलं. म्हणजे ते वर्षभर तयार होतं.

माऊली भाकरी चुरत म्हणाला, "मेंढरं जाणार आसतील तर आमी भाऊबीज करून टोळीवर जातो. ऱ्हाणार आसतील तर ऱ्हातो. मला काय, दोन्ही सारखंच." त्याला सारखंच होतं. बबिताला नव्हतं. पुन्हा तो फड, पुन्हा उभ्यानं भाकरी! आणि कळप वाचवणारं वाक्य जगात फक्त तिच्यापाशी होतं. देवानं पाठ फिरवली नाही, मी फुंकर मारली. हे सांगितलं, तर मेंढरं राहतील. पण मग त्या वाडग्यात तिला पाऊल कोण ठेवू देणार? जिनं अकरा मेंढ्या मारल्या, आणि वर फाल्गुनापासून राहिलेल्या मेंढरांच्या मागं जी भोळी होऊन हिंडली!

दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत ती रोज सांगायला निघायची आणि रोज माघारी यायची.

शेवटी पाडव्याच्या आदल्या दिवशी, तळ्यावरच्या लिंबाखाली, ती बोलली. आढेवेढे घेतले असते तर पुन्हा राहिलं असतं, म्हणून एका दमात बोलली. "मामा, मागल्या पाडव्याला दूध आपल्या मनानं न्हाई गेलं. मी फुंकर मारली. टॅक्टर उभा व्हता, मला घाई झालती. देवाचं काय न्हाई त्याच्यात. अकरा मेंढ्या माज्या तोंडानं गेल्या."

चाती फिरत होती, ती थांबली. धुळाजीनं तिच्याकडं बघितलं नाही. धागा गुंडाळला, चाती कमरेला खोवली, काठी घेतली आणि उठून चालायला लागला.

पुढच्या विहिरीवर तो काही बोलला नाही. त्याच्या पुढच्या विहिरीवरही नाही. वस्ती आली, मेंढरं आत गेली, लक्ष्मीपूजन झालं, दिवे लागले. बोलला नाही. आधीची बबिता असती तर तिनं दहा वेळा विचारलं असतं, रडली असती, पाय धरले असते, उत्तर ओढून काढलं असतं. आता मात्र ती गप राहिली. उत्तर चालत येत असतं, त्याला हुर्र करून हाकता येत नाही, हे तिला त्याच म्हाताऱ्यानं शिकवलं होतं. जीव मात्र टांगणीला लागला तो लागलाच.

पाडव्याची सकाळ उजाडली. वाडगं झाडून-सारवून झालं. चांदीच्या कपाळाला साखराबाईनं भंडारा लावला. माऊली अंघोळ करून, केस चोपून बसला. सगळे बोळक्याभोवती जमले. बबिता कोपऱ्यात उभी होती, पुढं यायची हिंमत होईना. धुळाजी म्हणाला, "गवऱ्या सूनच लावती ना आपल्यात? मग?"

तिनं गवऱ्या लावल्या. काडी एकाच खेपेत पेटली. सगळ्यांनी डोळे मिटले. तिनं मिटले नाहीत, धीरच झाला नाही. वारा अगदी पडला होता. धूर सरळ वर चालला होता. दूध गप. तिनं दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले आणि ओठ घट्ट मिटले, जणू आतून कुणीतरी फुंकर घालायला बसलंय. रस्त्याकडून गाडीचा हॉर्न आला. सटवा आला होता. पुन्हा हॉर्न. तिला मागचं वर्ष आठवलं, तरी ती बसून राहिली. दुधावर एक बारीक सुरकुती आली. ती बघत राहिली. बघता बघता तिला लिंबाखाली दुपारी व्हायचं तसं झालं, हॉर्न लांब गेला, मेंढरांचं रवंथ जवळ आलं, आणि ते दूध, ती सुरकुती, तेवढंच काय ते उरलं.

आणि धुळाजी बोलला! दूध उतू जायच्या आधी. साठ वर्षांत कुणी बोललं नव्हतं.

"फुकलीस तू. व्हय. पण मेंढ्या फुकरीनं मरत न्हाईत, पोरी." तो जाळाकडं बघत बोलत होता. "धर्मापुरीचं देऊळ लांबून दिसलं. दिस मावळत आलता, परका मुलूख, मला भ्या वाटलं. म्हणलं, अंधार पडायच्या आत देवळापशी मुक्काम गाठू. बांधाला बसलो न्हाई. फुटवं बघितलं न्हाई. मालकाला इचारलं न्हाई. मेंढरं तशीच रानात घातली. सत्तर वर्सं झाली जलमून, पयल्यांदा घाई केली, आन त्याच दिशी अकरा गेल्या." त्यानं मिशा पुसल्या. "वरीसभर म्हणत ऱ्हायलो, दुधानं सांगितलं, दुधानं सांगितलं. दूध कुणीकडंबी जाऊ दे. रानात शिरताना थांबायचं आसतं. मी थांबलो न्हाई."

बबिता त्याच्याकडं बघत राहिली. फाल्गुनापासून दोघं एकाच कळपामागं चालत होते, आणि दोघंही तीच अकरा मढी उराशी धरून, एकमेकाला न सांगता. तिला रडू फुटलं. म्हाताऱ्यालाही फुटलं, तो डोळे पुसायलाही घाई करेना.

"फस्स" असा आवाज झाला.

"आगं बया, गेलं की!" साखराबाई ओरडली. "कुणीकडं गेलं? कुणी बघितलं का न्हाई?"

कुणीच बघितलं नव्हतं. साखराबाई नवऱ्याचं ऐकून थिजून बसली होती. माऊली सटवाच्या गाडीकडं बघत होता. वारा नव्हता, बोळकं चहूबाजूंनी सारखंच भरून सांडलं होतं, राख सगळीकडून ओली. दिशा म्हणून काही नव्हतीच. "बोलला ना मधी! तुमचंच काम!" साखराबाई धुळाजीवर घसरली. "पन्नास वर्सं तोंडातून सबूद निघंना, आन निघाला तो आता! आता कुणाला इचारायचं?"

तेवढ्यात सटवा कुंपणापाशी आला. "काय धुळाजीबुवा, भरायची का?"

"चहा घे," धुळाजी म्हणाला. "मेंढरं माजी न्हाईत. सुनंची हायती, तिला इचार."

सटवानं बबिताकडं बघितलं. बबितानं डोळे पुसले, मान हलवली आणि सासूकडं वळून म्हणाली, "आत्याबाई, चहात साखर जरा जास्त टाका, पाव्हण्याला रिकाम्या हातानं जायाचं हाय."

चहा झाला. गाडी रिकामी गेली. बबितानं वाडग्याची काटी बाजूला केली आणि चांदीच्या शेजारी उभी राहिली. हाकलं नाही. मेंढरं एक-एक करत बाहेर यायला लागली, आणि ती बघत होती, भुरी आली, मोरी आली, कडेनं चालणारी कडेनं आली. माऊली काठी आणि पाण्याची बाटली घेऊन मागून आला. "दुधानं तर काय सांगितलंच न्हाई," तो म्हणाला. "मग आता कुणीकडं न्यायाची?"

बबितानं ऐकलं. चालायला लागली.

त्याचं उत्तर माऊलीला मिळालं ते दुपार कलल्यावर, सीनेच्या वाटेवरच्या दुसऱ्या विहिरीपाशी.